ज्वारी वाढली

"ज्वारी वाढली, साहेब," दाराआडून शिवकांता म्हणाली आणि तिथंच घात झाला.

ओट्यावर बसलेल्या गिरदावर साहेबानं, पटवाऱ्यांच्या वरच्या अंमलदारानं, मान वर केली. माणूस शहर हैदराबादचा, लेवीच्या तपासणीसाठी या भागात नवाच आलेला. पण आपल्याला मराठी येते याचा त्याला भारी अभिमान. "वाढली?" त्यानं पुन्हा विचारलं. आतून "जी, वाढली," असं आलं. साहेब खूश झाला. शेजारी बसलेल्या रेणुकादास पटवाऱ्याला म्हणाला, लिहा, या घरची ज्वारी वाढली. आणि पटवाऱ्यानं खाली मान घालून लिहिलं.

आता आपल्या मुलखात कुणालाही विचारा, घरची बाई "वाढली" म्हणाली म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. मीठ संपलं तर संपलं म्हणत नाहीत, मीठ वाढलं म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. करंडा रिकामा झाला की कुंकू वाढलं. लक्ष्मी घरातच कान देऊन बसलेली असते म्हणे. तिच्या कानावर एकदा का "न्हाई" हा शब्द गेला, की ती म्हणते, बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे, आणि उठून चालू लागते. शिवकांतेच्या घरची ज्वारी संपली होती. कणगीत हात घातला तर तळाचं शेण लागत होतं. तेच तिनं सांगितलं, शहाण्या सुनेनं सांगावं तसं.

ही गोष्ट जर्मनच्या लढाईच्या सालातली. निजामाचं राज्य, आणि लातूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं हे गाव. तोवर सरकारला साऱ्याचे रोख रुपये भरले की झालं, दाणा आपला. त्या वर्षी नवा कायदा निघाला. सारा तर भरायचाच, वर जमिनीच्या हिशेबानं ज्वारीही सरकारी गोदामात घालायची, सरकार देईल त्या भावानं. तिचं नाव लेवी. पहिली दवंडी झाली तेव्हा बायका हसल्या. लेवी म्हणजे काय गं बाई, गळ्यात लेवायची का नाकात, अशी विहिरीवर दोन-चार दिवस थट्टा चालली. मग गाड्या आल्या, पोती भरून गेली आणि हसणं बंद झालं. कुणी आपल्या पेवाच्या, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याच्या, तोंडावर कडब्याची गंज रचली. कुणी चोरवाटेनं मोगलाईची हद्द ओलांडून बार्शीकडं इंग्रजी मुलखात माल नेला. सुताराच्या मेटावर, त्याच्या कामाच्या जागी, माणसं सरकारला पोटभर शिव्या द्यायची आणि चपराशी दिसला की पावसापाण्याचं बोलायला लागायची.

शिवकांतेच्या नवऱ्यानं, भुजंगानं, यातलं काहीसुद्धा केलं नव्हतं. नाव भुजंग, पण माणूस गोगलगाय. वाटेत चपराशी भेटला तरी पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचा. त्या साली त्याच्या रानात ज्वारीवर काणी पडली, निम्मी कणसं काळी झाली. पण लेवी होती जमिनीवर, पिकावर नव्हे. सांगितली तेवढी त्यानं मुकाट नेऊन घातली. उरली ती वैशाख सरेपर्यंत कशीबशी पुरली. आता जेठात घरात होत्या ओंजळ-दोन ओंजळ कण्या आणि थोडी तुरीची चुरी. आणि गिरदावर आला होता फेरतपासणीला, कुणी दाणा दाबून ठेवला असेल तर तो काढायला.

दिवेलागणीच्या आधी भुजंगाला चावडीवर बोलावणं आलं. वाढलेली ज्वारी दाखव म्हणून साहेबानं दरडावलं, तेव्हा त्याला काही कळेना. गडी माणूस तो, त्याच्या जिभेला बायकांसारखी बंधनं नाहीत. तो हात जोडून म्हणाला, घरात ज्वारी न्हाई, मायबाप. साहेब हसला. बाई बिचारी पडद्याआडून खरं बोलून गेली आणि नवरा लपवून राहिला, असा सरळ अर्थ त्यानं लावला. "औरत झूठ काहेको बोलेगी?" असं म्हणून त्यानं भुजंगाला चावडीतच डांबला.

हे घरी सांगितलं शेजारच्या रामकिशननं. तो जोत्याखाली उभा राहून हळू आवाजात बोलत होता, भिंतीलाही ऐकू जाऊ नये असं. सकाळी उन्हात ओणवा करून पाठीवर धोंडा देणार म्हणे, पेव कुठं हाय ते सांगेपर्यंत. औशाकडच्या एका गावात मागल्या महिन्यात असाच एक जण उभा होता, दुपारी त्याच्या नाकातून रगत आलं आणि रात्रीला तो गेला. एवढं सांगून रामकिशन मागं न बघता निघून गेला.

पेव असतं तर दाखवून मोकळं होता आलं असतं. नसलेलं पेव दाखवणार कुठून?

"माझ्याच तोंडानं झालं, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "म्या जाते आन् सरळ सांगते, की घरात ज्वारी..."

उमाबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारीनं जे सांगितलं ते शिवकांतेनं लग्न झाल्यापासून अर्धंमुर्धं ऐकलं होतं, सगळं कधीच ऐकलं नव्हतं. उमाबाईच्या सासूनं एकदा ऐन दिवेलागणीला, दारात आलेल्या मागत्यावर चिडून, घरात दाणा न्हाई म्हटलं होतं. त्याच साली पलेग आला. थोरला दीर आणि सासरा, दोन तिरड्या एकाच दारातून निघाल्या.

"माझा एकच लेक हाय," उमाबाई म्हणाली. "दुसरं काय बी बोल, पन त्यो शबुद नको काढू."

म्हणजे बोललं तर लक्ष्मी जाणार आणि जाताना कुणाला घेऊन जाणार ते ठाऊकच होतं. न बोललं तर उन्हात धोंडा होताच. रात्रभर दोघी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.

उजाडताच शिवकांता पटवाऱ्याच्या दारात गेली. तिला वाटलं, जो हे लिहून बसलाय तोच पुसेल. रेणुकादास आंघोळ करून ओल्या पंच्यानं उभा होता. बघतो म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता आत वळला. त्याच्या घरी काय मीठ वाढत नव्हतं? सगळं कळत होतं त्याला. पण शेजारच्या गावच्या पटवाऱ्याला, तू गावाला सामील आहेस म्हणून नुकतंच घरी बसवलं होतं. आता तोंड उघडलं तर आपणही त्यातलेच ठरू, ही भीती त्याला होती. त्या दिवसांत भीती अशी घरोघर फिरायची, पाटलाचं घर सोडायची नाही की महाराचं.

ऊन चढलं तेव्हा शिवकांता डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून चावडीची पायरी चढली. त्या पायरीवर गावातली बाई कधी चढली नव्हती. लिंबाखाली बसलेल्या बाप्यांनी माना वळवल्या. चावडीपुढच्या अंगणात भुजंग ओणवा होता, पायाचे अंगठे धरून, पाठीवर भला मोठा धोंडा. त्याचं तोंड दिसत नव्हतं. श्वास तेवढा ऐकू येत होता, भात्यासारखा.

ती म्हणाली, साहेब, काल मी वाढली म्हणाले ते तसं नव्हं. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. काल एक, आज एक. नवऱ्याच्या गोतावळ्यानं पढवून पाठवली असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. ती पटवाऱ्याकडं वळली.

"काका, तुमीच सांगा की साहेबाला, वाढली म्हंजी काय ते."

रेणुकादासानं टाक दौतीत बुडवला, परत काढला. मग म्हणाला, "शब्दाचे अर्थ अनेक असतात, साहेब." बस्स, एवढंच. ब्राह्मणाच्या पोटी जन्म घेऊन त्या दिवशी त्याला एवढंच सुचलं.

"ऐसा करो," साहेब शिवकांतेला म्हणाला. "एक लफ्ज बोलो. हाय का न्हाई?"

तिनं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच अडला. मागं भुजंगाचा श्वास घरघरत होता. तिला त्या दोन तिरड्या दिसल्या, तिनं कधी न पाहिलेल्या, आणि तिसरी तिच्याच दारात बांधून ठेवलेली दिसली. आपण बोललो आणि हा इथंच कोसळला तर? साहेब वाट बघत होता. चपराशानं धोंडा नीट बसवण्यासाठी हात लावला, तसा भुजंग कण्हला.

शिवकांतेनं डावा हात उचलला आणि चावडीच्या दगडी खांबावर आपटला. हिरव्या काचेचे तुकडे पायरीवर उडाले. मनगटातून रक्ताची रेघ आली.

"काय झालं, सांगा," ती म्हणाली.

"वाढली, वाढली," सगळी चावडी एका तोंडानं बोलली. सवाष्ण बाई, नवरा समोर, आणि हातातली बांगडी गेलेली. फुटली असं कोण म्हणेल? तसलं अभद्र तोंडातून काढायची कुणाची छाती होती? आणि पहिला आवाज रेणुकादासाचाच होता. तो अर्धा उठलासुद्धा होता. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि तो तसाच मटकन खाली बसला.

साहेबानं पायरीवरचे तुकडे पाहिले. बाप्यांची तोंडं पाहिली. "बांगडी वाढली," तो हळूच म्हणाला. मग जरा थांबून, "ज्वारी वाढली." त्याचा चेहरा उतरला. पटवाऱ्याला तो एक शब्द बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्यापेक्षा शिवी बरी. धोंडा काढा, असं त्यानं चपराशाला सांगितलं. तरी माणूस सरकारी, खात्री केल्याशिवाय राहतोय थोडाच. स्वतः शिवकांतेच्या घरी आला, बाही वर सारून कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटाला लागलेलं तळाचं शेण पुसत निघून गेला.

सुटलो म्हणावं तर तसंही नव्हतं. साहेबालाही वर साहेब होते. आज आपल्या हातून माणूस जाता जाता राहिला आणि उद्या तपासणी चुकली तर आपली नोकरी जाईल, अशी धास्ती त्यानंही खाल्ली असावी. दुपार कलताच दवंडी झाली. साहेब पुन्हा दारोदार येणार, तपासलेली घरंही सुटणार नाहीत. यापुढं वाढलं-बिढलं चालणार नाही. घरच्या बाईनं दाराशी येऊन सरळ सांगायचं, ज्वारी हाय का न्हाई. जी सांगणार नाही, तिच्या घरात दाणा आहे असं धरलं जाईल.

शिवकांता भुजंगाच्या पाठीला हळद-तेल लावत होती. तो पालथा पडून होता. उन्हं खाली आली होती, बायकांनी दिवे पुसायला घेतले असतील अशी वेळ. गल्लीच्या त्या टोकाला साहेबाचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग रामकिशनच्या बायकोचा आवाज, रडल्यासारखा, "न्हाई." पुढचं दार. पुन्हा तसंच थांबणं, पुन्हा "न्हाई." कुणाच्या पेवात खरंच ज्वारी होती, कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, आवाज सगळ्यांचा सारखाच निघत होता. असा एक-एक दार करत तो शब्द शिवकांतेच्या दाराकडं सरकू लागला.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. हळदीचे हात तसेच घेऊन ती आत गेली.

उमाबाईनं देव्हाऱ्यातली पितळी लक्ष्मी उचलून मांडीवर घेतली होती. वीतभरसुद्धा नसेल ती मूर्ती. म्हातारीनं दोन बोटांनी तिचे दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.

बाहेर पायताणं वाजली. साहेबानं विचारलं.

"बोल आता," उमाबाई म्हणाली.

शिवकांता दाराशी गेली. "ज्वारी न्हाई, साहेब."

साहेब पुढच्या दाराकडं गेला. उमाबाईनं बोटं काढली नाहीत. गल्लीत अजून बरीच घरं होती.