अबोल्याचा दुसरा दिवस

आमच्या इस्त्रीच्या दुकानात दोन टेबलं आहेत, एक ह्यांचं, एक माझं, आणि मध्ये कपड्यांचा ढीग. भांडण झालं की त्या ढिगाचा फार उपयोग होतो. एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही.

आदल्या दिवशी एका कोटावरून वाजलं होतं. अस्तर ह्यांनी जाळलं असं माझं म्हणणं, मी जाळलं असं ह्यांचं. तेव्हापासून अबोला. लग्न झाल्यापासून आमच्यात आधी हेच बोलतात, आणि मी ते हक्काचं धरून बसलेली.

म्हणून सकाळी ह्यांच्या हातून चहा लवंडला, तेव्हा मी मुकाट्याने पुसला. थोड्या वेळाने इस्त्री खाली पडली. आपटली, असंच मला वाटलं. झाली आदळआपट सुरू, असं मनात म्हणत मी अभ्र्यांवर पाणी मारत राहिले. मग ह्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. आता बोलणार, हे मी ओळखलं. पण मला जरा भाव खायचा होता. मी मान वर केली नाही.

तेवढ्यात शाळेतल्या बाई पडदे न्यायला आल्या.

"अहो, काकांना काय होतंय?"

"काही नाही हो. नाटकं आहेत," मी म्हणाले, आणि मग ढिगापलीकडे बघितलं. हे खुर्चीतून उजवीकडे कलंडले होते.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "शेवटचे ठणठणीत कधी दिसले?" त्यांनी विचारलं.

"कालपासून मी बघितलंच नाही त्यांच्याकडे."

त्या मला रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग कधी सुरू झालं ते कळत नाही, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झालीये. पण स्कॅनमध्ये बराच भाग अजून वाचण्यासारखा दिसतोय. जांघेतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढू."

"बोलतील?"

"ते आत्ता नाही सांगता येत, मावशी."

मी सही केली आणि बाहेरच्या बाकावर बसले. भीती वाटेल म्हणून वाट बघत होते, ती आलीच नाही. रडू नाही, देवाचं नाव नाही, काहीच नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कॉलरी तेवढ्या दिसत होत्या. एकीलाही धड इस्त्री नव्हती. शाळेतल्या बाईंचा फोन आला, की दुकान बंद केलंय, काळजी करू नका. मी बरं म्हणाले. बरं कशाला म्हणतात तेही मला त्या वेळी कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "निघाली. पहिल्याच खेपेत." त्यांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला. पांढऱ्या कापडावर काळपट लाल तुकडा, शर्टाच्या बटणाएवढासुद्धा नाही.

आत नर्सने ह्यांना बोटं दाबायला सांगितलं. उजव्या हाताने हळूच दाबली. नाव विचारलं. उत्तर नाही. माझ्याकडे बोट दाखवून, ह्या कोण, म्हणून विचारलं. हूं की चूं नाही.

"तुम्ही बोला," नर्स म्हणाली. "घरच्या आवाजाला कधीकधी उत्तर देतात."

मी पलंगाशी उभी राहिले. आधी बोलायची मला सवयच नाही. काय बोलतात हे? जेवलीस का, म्हणतात. कधी नुसतेच, ऐक ना. मला यातलं एकही जमेना.

"राग गेला का?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. "राहू द्या, दमलेत," नर्स म्हणाली. ह्यांनी ओठ पुन्हा जुळवले. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही," हे म्हणाले.

पलंगाची कड धरून मी तिथेच खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. नर्स माझी समजूत घालायला धावली. तिला वाटलं, मला वाईट वाटलं.

"मग भांडा," मी म्हणाले. "भांडा ना माझ्याशी, अहो."