इमोजीनच्या गाडीचा कॅमशाफ्ट

आवाज ऐकून कॅमशाफ्ट निवडणाऱ्या माणसाला मी माणसांत धरत नाही. एकतीस वर्षं टेक्सासमधल्या अमरिलोच्या एका कारखान्यात मी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह उघडणारे दांडे, घासून घडवले, त्यामुळे हे बोलायचा मला अधिकार आहे. नसता तरी बोललोच असतो.

माझी थोरली बहीण इमोजीन माझ्यासारखीच डॅलहार्टमध्ये राहते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती डायलिसिसला अमरिलोला जाते. पंच्याऐंशी मैल जायचं, पंच्याऐंशी यायचं. स्वतः चालवते, आणि कुणी सोडायला येतो म्हटलं की फणकारते. गाडी बारा वर्षांची, आठ सिलिंडरची, आठ माणसं आणि वर त्यांचं सामान मावेल एवढी धिप्पाड. रस्त्यावर माळ, गुरं आणि वारा. गाडी बंद पडली तर हाक मारायला माणूस नाही, आणि एक फेरी चुकली की बाईच्या अंगात पाणी साठायला लागतं. तेव्हा ती गाडी धडधाकट असणं ही काही चैन नव्हती.

एप्रिलमध्ये गाडी मिसिंग करायला लागली. जोर दिला की दणके, उभी राहिली की थरथर, आणि समोर पिवळा दिवा लुकलुकतोय. तिच्या मुलाचं, लाइलचं, स्वतःचं गॅरेज आहे. त्याने कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला, सात नंबरचा सिलिंडर. झालं! प्लग बदलला, मग कॉइल, मग इंजेक्टर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन आठवडे हाच खेळ चालला आणि इमोजीन तशाच लंगड्या गाडीने येत-जात राहिली. शेवटी मी गेलो.

"सातची कॉइल पाचवर लावून पाहिलीस?"

"पाहिली मामा. मिसिंग सातवरच राहिलं."

"म्हणजे कॉइलचा दोष नाही. कॉम्प्रेशन?"

"जरा कमी आहे."

"मग वरचं झाकण कोण काढणार? पाद्रीबाबा?"

झाकण काढलं. इंजिन हाताने फिरवत मी एकेक वॉल्व्ह किती उघडतो ते मोजत गेलो. सातचा एक वॉल्व्ह इतरांच्या निम्मासुद्धा उघडत नव्हता. त्याला खालून उचलणारा लिफ्टर अडकून बसला होता आणि घासून घासून त्याने कॅमशाफ्टचा उंचवटा पार खाऊन टाकला होता. सिलिंडरला हवाच पुरत नाही, तर तो पेटणार कसा? यात नवीन प्लग काय करणार, आरती?

कॅमशाफ्ट आणि सोळाच्या सोळा लिफ्टर नवे घालायचे ठरलं. कुठला कॅमशाफ्ट तेही मीच ठरवून दिलं. साधा, घरंदाज. कमी वेगातही ओढ देणारा, पेट्रोल बेताने पिणारा, दोन लाख मैल तक्रार न करणारा. त्याचा नंबर पुठ्ठ्यावर लिहून लाइलच्या भिंतीला चिकटवला. लाइल "बरं" म्हणाला. या पोराचं "बरं" मी ओळखायला हवं होतं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी मी कॅफेत अंडी खात बसलो होतो. बाहेर सिग्नलला एक गाडी येऊन थांबली. धबड... धबड-धबड... धबड. टेबलावरचे चमचे वाजायला लागले. पलीकडचा म्हातारा म्हणाला, "कुणीतरी रेसची गाडी आणलेली दिसते." तो आवाज कसला हे बघायला मला मान वळवावी लागली नाही. वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या, शर्यतीच्या कॅमशाफ्टचा आवाज तो. असली इंजिनं चौकात भाव खातात आणि कमी वेगात रडतात. कुणाचा दिवटा आहे म्हणून मी खिडकीतून पाहिलं. इमोजीनची गाडी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंडी तशीच टाकून मी लाइलचं गॅरेज गाठलं. गाडी दारातच उभी होती, इंजिन चालू. इमोजीन आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मी सरळ लाइलला धरलं.

"काय घातलंस आईच्या गाडीत?"

"मामा, जरा ऐक..."

"काय ऐकू? हे धबडधबड अख्खं गाव ऐकतंय! असल्या कॅमशाफ्टने ब्रेक जड होतात, माहीत आहे ना?"

"ब्रेकला वेगळा पंप बसवलाय."

"आणि तो पिवळा दिवा? इंजिन असं थरथरतंय तर तो पेटायला हवा."

लाइल फडक्याला हात पुसत राहिला. "कॉम्प्युटरला ही थरथर म्हणजे मिसिंगच वाटायची. म्हणून ती तपासणीच काढून टाकली."

"वा! ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडला! उद्या खरंच एखादा सिलिंडर मेला तर तिला कळणार कसं? माळावर अडकली म्हणजे? अरे, आई आहे ती तुझी, का जत्रेतला पाळणा?"

"हॉलिस," इमोजीन काच खाली करून म्हणाली, "त्याला कशाला झोडतोस? मीच सांगितलं त्याला."

"तू?"

"एकोणीस वर्षांची असताना जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर मी दर शनिवारी रेस लावायचे. गाडीचा आवाज अस्साच होता. आठवड्यातले तीन दिवस मी त्या मशीनची पिपपिप ऐकते. निदान रस्त्यावर तरी मला काहीतरी ऐकू दे."

"हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच! आमच्या कारखान्यात टेक्सासभरचे बेअक्कल फोन करायचे, त्यांनासुद्धा आम्ही आधी विचारायचो. वजन किती, ओढायचं काय, चालवायची किती मैल. मग कॅमशाफ्ट ठरायचा. असा उठून आवाजावर नाही!"

"मला कुठे विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? सगळं ठाऊक आहे मला!"

"नाही ठाऊक. विचार."

तिचा हा हट्टी सूर मला लहानपणापासून सहन होत नाही. मी ओरडूनच विचारलं, "बोल, किती मैल?"

"सहा हजार."

"सहा हजार काय? ही गाडी अजून..."

"आठवड्याला तीन फेऱ्या, एका फेरीचे एकशे सत्तर, असे बारा आठवडे. ऑगस्टात गावात रोडिओची जत्रा भरते, तोपर्यंत. त्यानंतर मी डायलिसिसला जाणार नाही. डॉक्टरला सांगून झालंय."

डायलिसिस थांबवल्यावर माणूस किती दिवस काढतो ते मला माहीत होतं. आठ-दहा. फार तर पंधरा.

मी लाइलकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

त्याने मान डोलावली. डोळे लाल झाले होते. मी आल्यापासून ते तसेच होते, पण मी इंजिनाकडेच बघत होतो.

"मग मघापासून माझ्या शिव्या का खाल्ल्यास?"

"आई म्हणाली, मामाला आधी ओरडून घेऊ दे."

मला आणखीच राग आला. तिचा, त्याचा, त्या डॉक्टरचा. ही काय ठरवायची गोष्ट आहे? आणि ठरवायचीच होती तर भावाला सगळ्यांत शेवटी सांगायची? मी काहीतरी भयंकर बोलणार होतो, पण इमोजीनने घड्याळ पाहिलं. "मला अकरा वाजता पोचायचंय. येणार असलास तर बस, नाहीतर बाजूला हो."

मी बसलो. ती नको म्हणाली नाही, याचासुद्धा मला राग आला.

पन्नास मैल मी नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसलो. गाडी सुसाट होती, आणि वेग घेतल्यावर त्या दळभद्री कॅमशाफ्टमध्ये काही खोट काढता येईना. ती एका हाताने चालवत होती. दुसऱ्या हातावर सुयांनी फुगलेली शीर दिसत होती.

"इमो," शेवटी मी म्हणालो, "लाइलने लिफ्टर चांगले घातलेत. तेल वेळेवर बदललं तर हा कॅमशाफ्टसुद्धा लाखभर मैल जाईल. खरंच जाईल. मी सांगतो ना."

"जाईल की," ती म्हणाली. "मग तू चालव."