चतुराबाईचा गुडघा

उषानं काकूचा गुडघा दोन्ही तळहातांत धरला आणि हळूच विचारलं, "काकू, सकाळी उठताना जास्त दुखतो, की चालताना?"

चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. पोरगी तिची, पोटची. कापूस वेचून वेचून शिकवलेली. पिंपळगाव रेणुकाईतून औरंगाबादेला जाऊन पीएच.डी. करणारी पहिलीच. आणि त्या पोरीनं मांडीवर गुडघा घ्यावा तो कुणाचा? धाकट्या जावेचा, चतुराबाईचा! चतुराबाईचा तोरा तर काय विचारता. तिचं लंगडणंसुद्धा आता मिरवणुकीत चालल्यासारखं झालं होतं.

उषाचा अभ्यास गुडघ्यांच्या झिजेचा. गुडघा नुसता वापरून झिजत नाही. खाल्लेली साखर, चरबी अंगात नीट जिरली नाही, की सांध्यातही दाह धुमसत राहतो, हे तिला तपासून बघायचं होतं. त्यासाठी सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी हवं होतं. या सगळ्यातून गोजरबाईला एवढंच उमगलं, की सूज पाहिजे.

"माझा घे की," ती म्हणाली. "माझाबी दुखूनच राह्यला."

"आई, रक्ताच्या नात्यातलं माणूस चालत नाही. नियम आहे."

"आईला भायेर ठिवनारा कंचा गं नियम?"

उषा हसली, झालं. तसं पाहिलं तर सुट्टीला आली की पोर दरवेळी विचारायची, 'आई, गुडघा कसा आहे?' आणि गोजरबाई दरवेळी फणकारायची, 'मला काय धाड भरली?' पण ते आता कुणाला आठवतंय!

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. औरंगाबादेहून हाडांचे डॉक्टर यायचे होते. आपला गुडघा टम्म दिसला, की ते नियम गुंडाळून ठेवतील, असा गोजरबाईनं हिशोब केला. संध्याकाळी तिनं बिब्बा तापवला आणि त्याचं काळं तेल गुडघ्यावर चांगलं फासलं. दुखण्यावर बिब्बा तिची सासूही लावायची, पण टिकलीएवढा. गोजरबाईनं अख्खा गुडघा माखला.

सकाळी बिब्बा उतला होता. गुडघा वांग्यासारखा फुगलेला, वर पाण्यानं भरलेले फोड. दातावर दात रोवून ती शाळेत गेली आणि साऱ्या बायकांदेखत तिनं लुगडं गुडघ्यावर सारलं.

डॉक्टरांनी एकदाच पाहिलं. "मावशी, हा तर बिब्बा! घरी जा, खोबरेल लावा."

बायका फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत आधी चतुराबाई. आणि पाणी निघालं तेही चतुराबाईच्याच गुडघ्यातून. उषानं ती बारकी बाटली बर्फाच्या थर्मासात अशी ठेवली, की गोजरबाईला बघवेना.

दुपारच्या गाडीनं उषा बाटली घेऊन निघायची होती. पिशवी उचलायला घरात आली, तर आई तापानं फणफणलेली. पोरीनं थर्मास कोपऱ्यात ठेवला आणि आईचा गुडघा मांडीवर घेतला. धुतला, खोबरेल लावलं, फुंकर घातली. गाडी गेली. संध्याकाळपर्यंत थर्मासातल्या बर्फाचं पाणी झालं.

"चतुराचं ते...?" गोजरबाईनं विचारलं.

"गेलं वाया."

गोजरबाईला आनंद झाला. लपवायचं काय, चांगला घसघशीत आनंद झाला. मग पोरीचे डोळे भरलेले दिसले आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

सकाळी दारात चतुराबाई उभी. नवं लुगडं, हातात पिशवी. "माझ्या दुसऱ्या गुडघ्यातबी पानी हाय म्हने डाक्टर. मीच येते उषासंगं औरंगाबादला. तिथंच काढा, ताजं ताजं."

म्हणजे बिब्बा लावला गोजरबाईनं आणि पोरीशेजारी बसून शहर बघणार चतुराबाई! गोजरबाई बाजेवर नुसती जळत राहिली. ते ओळखून की काय, चतुराबाई जवळ आली.

"आक्का, उगं तोंड पाडू नका. पोरगी तुमचंच इचारती मला. आईला पायरी चढवती का, रातचं झोपती का, कन्हती का. मी बराबर सांगते समदं."

गोजरबाई ताडकन उठून बसली. "उशे! माझ्या गुडघ्याचंबी हिलाच इचारलं?"

"तुला विचारून तू सांगतेस का कधी?" उषा उंबऱ्यातच थबकली.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. चतुराबाई "जल्दी चल गं" म्हणत पुढं झाली. गोजरबाईच्या तोंडात नेहमीचं उत्तर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"दुखतं," ती म्हणाली. "लई दुखतं. चार सालं झाली. हिच्यापेक्षा जास्त दुखतं. ल्हिऊन घे."

"आई, अभ्यासात नाही गं लिहिता येत."

"मंग कुठंबी ल्ही. पन हिच्यापेक्षा जास्त, आसं ल्ही."

उषा माघारी आली. बाजेवर बसून तिनं पेन काढलं आणि आपल्या तळहातावर लिहिलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं; तिनं लेकीकडून दोनदा वाचून घेतलं.