अकरावा रकाना

एका महिन्यात तीन वेळा किल्ली हरवणारा पुरुष एक तर वेंधळा असतो, नाही तर प्रेमात पडलेला. माझ्या धाकट्या बहिणीला हे कळायला चौथी किल्ली लागली. ती कुलूप-किल्लीचं काम करते. कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडेल, पण माणसांच्या बाबतीत अगदीच भोळी. तो किल्ल्या हरवणारा गल्लीच्या टोकाला पुस्तकबांधणीचं दुकान चालवतो. चौथ्यांदा तिने त्याचं दार उघडून दिलं, तेव्हा आत टेबलावर आधीच्या तिन्ही किल्ल्या एका दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या. बांधणीवाला कानापर्यंत लाल झाला आणि बहिणीने त्या फेरीची मजुरी घेतली नाही.

मी तिच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करते. जिन्यावरून कोण कितीदा गेलं, हे मला मशीन न थांबवता कळतं. चार महिने मोजल्यावर मी विचारलं, लग्न कधी? बहीण म्हणाली, साहेब हो म्हणतील तेव्हा. आणि नाही म्हणाल्या तर नाही.

साहेब म्हणजे तिची लेक, वय वर्षं नऊ. पाच वर्षांची असताना बहिणीने तिला दत्तक घेतलं. त्याआधी दत्तक कार्यालयातून एक बाई घर तपासायला आल्या होत्या. त्यांनी फ्रिज उघडला, खिडक्यांचे गज हलवून पाहिले आणि शेवटी न्हाणीघराची कडी लावायला गेल्या, तर किल्लीवालीच्याच घरात कडी लागेना. हा किस्सा साहेबांनी झोपताना इतक्यांदा ऐकला होता, की घरात नवीन माणूस येतं ते तपासणी होऊनच, अशी त्यांची पक्की समजूत झाली. बांधणीवाल्याचं कळल्यावर त्या रडल्या नाहीत की रुसल्या नाहीत. त्यांनी त्याला तपासणीची तारीख कळवली.

फॉर्म त्यांनी कपाटातल्या दत्तकाच्या जुन्या फाइलीतून उतरवून काढला आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणला. एकूण बारा रकाने. 'घरात पाळीव प्राणी आहेत का' याच्यापुढे 'आणि ते चावतात का' ही भर त्यांची स्वतःची. अकरावा रकाना होता, 'मूल कसं हवं? वय, स्वभाव, इतर अपेक्षा.' मी म्हटलं, हा खोडून टाक, तो काही मूल न्यायला आलेला नाही.

"तो राहू दे," साहेब म्हणाल्या आणि जुनी फाइल माझ्यासमोर उघडली. अकराव्या रकान्यात बहिणीच्या गोल अक्षरात दोनच शब्द होते. कोणतंही चालेल.

"मावशी, म्हणजे माझ्या जागी दुसरी कुणी असती, तरी तिला चाललं असतं?"

गल्लीत कुणाचंही तोंड बंद करणारी मी, त्या दिवशी सुईत दोरा ओवत बसले. बहिणीचा राग आला, माझाही आला. तिला सांगायला हवं होतं, पण साहेबांनी शपथ घातली होती. शिवाय खरं सांगायचं, तर तो काय लिहितो हे मलाही पाहायचं होतं. त्यानेही 'चालेल' लिहिलं, तर लग्न मोडल्यात जमा, हे मला कळून चुकलं.

रविवारी चार वाजता आम्ही तिघी त्याच्याकडे गेलो. मला आणि बहिणीला बाकावर बसवून गप्प राहायची ताकीद मिळाली. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याने इतकी झाडलोट केली होती, की मांजर अनोळखी घरात आल्यासारखी फिरत होती. फ्रिजमध्ये तीन अंडी आणि खळीची बरणी निघाली. साहेबांनी खळ हुंगली आणि हे खाता का, असं विचारलं. एकदा चुकून खाल्ली होती, असं त्याने कबूल केलं. नोंद झाली. मग त्या न्हाणीघरात शिरल्या. त्या कडीचा किस्सा त्यालाही ठाऊक होता, म्हणून त्याने आदल्या दिवशी कडी अशी काही आवळली होती, की ती लागली आणि उघडेना. बहिणीने पिशवीतून पकड-पाना काढून परीक्षकांची सुटका केली. साहेब घाम पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी वहीत 'कडी जास्त लागते' असं लिहिलं.

मग त्याच्यापुढे फॉर्म ठेवला गेला. पेन्सिल हळूहळू सरकत अकराव्या रकान्याशी थांबली. साहेब छताकडे बघत होत्या, पण चपलेतली बोटं आखडलेली मला दिसली. त्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला.

मी मोठ्याने वाचलं: "वय नऊ. समोरचा एक दात वाकडा. लोकांच्या फ्रिजमध्ये डोकं घालण्याची सवय. अक्षर सुधारेल अशी आशा. याखेरीज दुसरं दाखवू नये."

बहीण हसली. साहेब हसल्या नाहीत. त्यांनी दप्तरातून जुनी फाइल काढून आईच्या मांडीवर ठेवली आणि अकराव्या रकान्यावर बोट टेकलं.

बहिणीचं हसू तिथेच विरलं. मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. "त्या दिवशी कार्यालयात लोक लांबच लांब अपेक्षा लिहीत होते," ती म्हणाली. "मी एकटी बाई. मला वाटलं, मी काही मागितलं तर ते म्हणतील, मग तुम्हाला नाही. मला कुणीच मिळणार नाही याची भीती होती गं. आणि तू आहेस, हे मला माहीतच नव्हतं."

साहेबांनी विचार केला. फॉर्म जुना झाला आहे, नवा भरावा लागेल, असं त्या म्हणाल्या आणि कोरा कागद व पेन्सिल तिला दिली. बहीण हाताचा आडोसा करून लिहीत राहिली, पान उलटून मागेही लिहिलं. साहेबांनी दोन्ही बाजू वाचल्या, घडी केली आणि खिशात घातली. कुणालाही दाखवली नाही. बांधणीवाल्याला पास केलं, मात्र सहा महिने अधूनमधून तपासणी होईल, हे बजावलं. तो हो म्हणाला, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

त्या कागदाला पुढे त्याने साहेबांच्या नजरेखाली, न वाचता, पुठ्ठ्याची सुरेख बांधणी करून दिली आहे. तो साहेबांच्या खणात असतो, खणाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. पण किल्लीवालीच्या बहिणीला केसांची पिन पुरते. दोन्ही बाजू गच्च भरल्या आहेत. दाताचं आहे, झोपेत बडबडण्याचं आहे, डाव्या पायावरच्या तिळाचंही आहे. सगळ्यांत वर अकराव्या रकान्याचं उत्तर एका शब्दात आहे: हीच.

तळाशी लाल पेन्सिलीने साहेबांचा शेरा आहे. 'उत्तर चार वर्षं उशिरा आलं. मान्य.'