आठच्या जागी दोन

दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. थोरलीला तिथे सोळा वर्षं झालेली, धाकटीला जेमतेम पाच महिने. तीही थोरलीनेच शब्द टाकला म्हणून लागलेली. तरी नव्या मशीनवर कंपायलर उभा करायचं काम साहेबांनी धाकटीला दिलं, आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते घरी जाऊनही थांबेना.

काम किचकट होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. या मशीनसाठी तो तयार मिळत नव्हता, म्हणून सोर्स कोडपासून, म्हणजे त्याच्या हजारो मूळ फाइलींपासून, तो बिल्ड करायचा, बांधून काढायचा होता. धाकटी सकाळी आल्याआल्या बिल्ड लावायची. तीन तास सगळं सुरळीत, मग पडद्यावर एकच शब्द, ‘किल्ड’, आणि सगळं ठप्प. तिने सोर्स पुन्हा उतरवला, त्याला लागणारे तयार कोड, म्हणजे लायब्ऱ्या, बदलल्या, मागची आवृत्ती घेतली. पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी तिच्या मागून जाताना थोरलीची नजर पडद्यावरच्या मागच्या सगळ्या खेपांच्या नोंदींवर गेली. बिल्ड दर वेळी निराळ्याच फाइलवर मरत होता. म्हणजे कोडमध्ये खोट नव्हतीच. एका वेळी आठ फाइली कामाला लावल्याने मशीनची मेमरी संपत होती. आठच्या जागी दोन लावल्या की झालं. थोरली जागेवर येऊन बसली आणि तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

धाकटीचं हसं होईल, असा थोरलीचा हिशोब होता. झालं उलटंच. साहेब चारचौघांत तिच्या चिकाटीचं कौतुक करू लागले. घरी सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, फार दमतेस गं म्हणाल्या. सोळा वर्षांत थोरलीची पाठ त्यांना दिसली नव्हती.

गुरुवारी धाकटी साहेबांच्या खोलीकडे निघाली. आपल्याला जमत नाही, हे काम ताईंना द्या, असं सांगायला जाते, म्हणाली. थोरलीला हवं होतं ते हेच. पण धाकटीचे सुजलेले डोळे पाहून ती उठून आडवी गेली.

“थांब. आठच्या जागी दोन फाइली लाव. मेमरी पुरत नाहीये.”

धाकटीने क्षणभर विचार केला. मान हलवली. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

“सोमवारी.”

धाकटी वळून जागेवर गेली. तिने बिल्ड लावला. तो संध्याकाळपर्यंत चालला आणि पुरा झाला. साहेब आले तेव्हा, दोष ताईंनी शोधला, एवढंच तिने सांगितलं. सोमवारचं नाव काढलं नाही.

घरी जाताना मात्र ती चार पावलं पुढेच चालत राहिली. थोरलीला कौतुक मिळालं होतं, पण ते गोड लागेना. आपण तिच्या जागी असतो, तर सोमवारचं सांगितल्याशिवाय राहिलो नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पुढे चाललेल्या त्या पाठीचा तिला पुन्हा हेवा वाटला.