मागच्या खोलीची खिडकी

घरात रेडिएटर पाच, मी ठेवलेले थर्मामीटर पाच, खिडक्या सात. सहा खिडक्या बंद, एक वरून आत कललेली, उघडी. चार थर्मामीटर विसाच्या थोडे वर. मागच्या खोलीतला बारा.

उत्तर जर्मनीतल्या एम्डनमधलं आमचं घर भाड्याचं. जुन्या विटांची इमारत, सहा बिऱ्हाडं. तळघरातला गॅसचा बॉयलर काढून विजेवरचा हीट पंप बसवायला घरमालक तयार झाला होता, पण एका अटीवर. पंपातून रेडिएटरमध्ये येणारं पाणी बॉयलरइतकं तापत नाही. तेवढ्या पाण्यावर प्रत्येक घरातली प्रत्येक खोली वीस अंशांवर राहते का, ते आधी बघायचं. एक जरी खोली तशी राहिली नाही, तर पुन्हा गॅसच, पुढची पंधरा-वीस वर्षं. चाचणीपुरतं बॉयलरचं तापमान उतरवलं होतं, आणि शुक्रवारी दुपारी मालकाचा माणूस आकडे घ्यायला येणार होता.

भाडेकरूच्या हातात असतं तेवढं मी केलं. सोफा रेडिएटरपासून ओढला, रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली, जाड पडदे लावले, सातही खिडक्यांच्या कडांना रबरी पट्ट्या चिकटवल्या. हे करताना मला काही वाटत नव्हतं. त्या फेब्रुवारीत कशाचंच काही वाटत नव्हतं.

मागच्या खोलीत जानेवारीच्या शेवटी आई वारली. आमच्याकडे माणूस गेलं की खिडकी उघडतात, त्याला बाहेर पडता यावं म्हणून. शववाहिका गेली की लावून घेतात. बाबांनी लावली नाही. शिवाय तिथला रेडिएटर पूर्ण उघडला आणि दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवला. दोन्ही एकदम कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "तिला थंडी सोसत नाही," ते म्हणाले.

गुरुवारी दुपारच्या चहाला वरच्या मजल्यावरच्या हिन्रिक्सकाकू आल्या. पंपासाठी घरोघर फिरून सगळ्यांना त्यांनीच राजी केलं होतं. मी कपातल्या खडीसाखरेवर चहा ओतला, ती तडकली, वरून साय सोडली. कोणी ढवळलं नाही. ढवळायची पद्धत नाही. काकूंनी पाच घरं पास झाल्याचं सांगितलं. सहावं कोणाचं ते सांगितलं नाही.

मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "फोल्कर्ट, अख्खं बंदर तापवतोयस तू. सीगल शेकायला येतात तुझ्या खिडकीशी. थेडा असती तर आधी तुला बाहेर काढलं असतं आणि मग खिडकी लावली असती."

बाबा किंचित हसले. कपाकडे बघत म्हणाले, "आणि ती अजून निघालीच नसेल तर?"

काकूंनी आपला चमचा कपात ठेवला. चमचा कपात ठेवला की पुरे; तोवर समोरचा ओतत राहतो. जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

बाबांचा चमचा बशीतच होता. मी ओतलं. खिडकीची फट मी मोजली होती, खोलीचं आकारमानही. उत्तर माझ्याकडे होतं, म्हणून दिलं.

"बाबा, त्या खोलीतली हवा तासाला निदान तीनदा बदलते. त्या दिवसाची हवा त्याच रात्री गेली."

"सगळी?"

"मोजता येईल एवढी काही उरलेली नाही."

मी पुन्हा ओतलं. त्यांनी तो कप सावकाश संपवला, चमचा कपात ठेवला आणि उठले. टॉवेल सरकल्याचा आवाज आला. मग खिडकीची मूठ फिरली, आणि नवी रबरी पट्टी चौकटीत दाबली गेली.

शुक्रवारी मालकाचा माणूस आला तेव्हा बाबा मागच्या खोलीत, आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले होते. सकाळपासून तिथेच होते. त्या माणसाने दारातून त्यांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर पडते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. उठा असं त्याने सांगितलं नाही. मीही नाही. तो चवड्यांवर आत गेला आणि थर्मामीटरसमोर वाकला.

मागची खोली: वीस पूर्णांक तीन दशांश अंश. आत एक माणूस.