पेरादूची दातदुखी

सोलांज विदालेंचं आपल्या थोरल्या बहिणीवर आठवड्यातून बरोबर चार तास प्रेम होतं. दर गुरुवारी अकरा पाचची गाडी धरून ती बाराच्या ठोक्याला ब्रुसाकला उतरायची, रेमोंदकडे जेवायची, मग दोघी पत्ते कुटत बसायच्या. चार वाजत आले की दोघींपैकी कोणीतरी आईच्या तांब्याच्या पातेल्याचा विषय काढायचंच. चेस्टनटचा मुरंबा घोटायचं ते पातेलं आईच्या दफनाच्या दिवशी सोलांजने स्वयंपाकघरातून उचललं होतं, आणि ते आपलंच आहे यावर ती पन्नास वर्षं ठाम होती. आवाज चढायला लागले की चार दहाची परतीची गाडी असायची. पाद्र्याला जे जमलं नाही ते त्या वेळापत्रकाने निभावलं होतं.

सोलांज चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पेरादू गावच्या रेल्वे फाटकावर तिने आयुष्यभर नोकरी केली, फाटक आपोआप उघडमीट करायला लागलं तेव्हा रेल्वेने तिला घरी बसवलं, आणि घर फाटकालाच लागून असल्यामुळे ती तिथेच राहिली. मोटार तिला कधी चालवता आली नाही. रोज फाटकाशी मोटारींना थांबवणाऱ्या बाईला मोटार चालवायची हौस कुठून येणार?

ती रेल्वेची लाइन मुळात थापेवर उभी राहिली होती. एका खासदाराने पहिल्या निवडणुकीत तिचा नकाशा दाखवला, दुसरीत खुंट्या ठोकल्या, आणि तिसरीत तो सडकून आपटला तेव्हा कुठे रूळ आले. ठेकेदाराला किलोमीटरच्या हिशेबाने पैसे मिळणार होते, म्हणून सरळ दरीतून जायची सोडून लाइन एखाद्या पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी डोंगर धरधरून जात होती. तिने चेस्टनट नेले, वासरं नेली, खाणींसाठी लाकूड नेलं. एका ऑगस्टमध्ये बँड लावून गावातली सगळी तरणी पोरं लढाईवर नेली, आणि परत आणताना तिला एकच डबा पुरला. सोलांजच्या आजोबांच्या दोन भावांची नावं चर्चपुढच्या दगडावर कोरलेली होती. त्या बाबतीत ती थट्टा करत नसे.

ऑक्टोबरात प्रांताच्या कचेरीतून पत्र आलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतारू मोजणार, मोजदाद कमी भरली तर गाडी बंद.

मेयर काबानेलने गाव गोळा केलं. तो चीजच्या दुकानाचा मालक, पन्नाशीचा, आणि वीस वर्षांत गाडीत न बसलेला.

"तो आठवडाभर सगळ्यांनी गाडीने फिरायचं," तो म्हणाला. "मधल्या लांजेलपर्यंत जा, कॉफी प्या, पुढच्या गाडीने परत या. आणि कशाला चाललात असं विचारलं तर मजा करायला चाललो म्हणू नका. गरज सांगा. डॉक्टर सांगा, दंतवैद्य सांगा."

"आणि लांजेलला दंतवैद्य आहे कुठे?" सोलांजने विचारलं.

"सोलांज, मोजायला येणाऱ्या पोरीला ते काय ठाऊक?"

घोळ झाला तो इथेच. पेरादूत आजारपण शेजाऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही अशी जुनी रीत आहे. छातीत दुखतं म्हणालात तर पुतणे जमिनीची मोजणी करायला येतात. पोटाचं काही बोललात तर गल्लीभर तुमच्या पिण्यावर चर्चा होते. दात हा एकच अवयव असा की त्याच्या दुखण्याने कोणाचे वारस जागे होत नाहीत.

सोमवारी मोजणीवाली पोरगी आली. एलोदी नाव, नाकाला सर्दी, हातात कागद लावलेली फळी. भरल्या डब्यात ती प्रत्येकाला मोठ्यांदा विचारायला लागली. पहिला सापडला एमार सुतार.

"कशासाठी प्रवास, मस्यो?"

एमारने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे शेजारीच. "दंतवैद्य," तो म्हणाला.

त्याच्या मागच्याने दंतवैद्य सांगितलं, त्याच्या बायकोनेही तेच. बुधवारपर्यंत पाववाली गालाला मफलर गुंडाळून यायला लागली आणि एमार बसल्याजागी कण्हायला लागला. परतीच्या गाडीत सगळ्यांच्या तोंडाला लाल वाइनचा वास. एलोदीने विचारलंच तर म्हणायचे, "भूल दिली होती."

गुरुवारी सोलांज नेहमीच्या खिडकीशी बसली.

"तुम्हीही दंतवैद्याकडेच का, मादाम?"

"नाही बाई. बहिणीकडे. पत्ते खेळायला."

मेयरला ठसका लागला.

"ब्रुसाकपर्यंत?" एलोदी म्हणाली. "दर आठवड्याला जाता?"

"एकतीस वर्षं झाली."

पोरीने "करमणूक" या रकान्यात एक रेघ ओढली. त्या रकान्यातली ती पहिली आणि शेवटची रेघ.

लांजेलला उतरता उतरता मेयर तिच्या कानाशी कुजबुजला, "एक दात दुखवता आला नाही तुम्हाला?"

"असायला तर हवा ना," सोलांज म्हणाली आणि दोन्ही कवळ्या दाखवून हसली.

जानेवारीत निकाल आला. मेयरने तो सभेत वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीपासून त्याचा आवाज बसत गेला. एका आठवड्यात चारशे बारा प्रवास, पैकी तीनशे एकोणनव्वद दातांसाठी. पेरादूकरांच्या तोंडाची ही अवस्था पाहून कचेरी हादरली होती. दुखऱ्या दाताने लोकांना असं हेलपाटे घालायला लावणं माणुसकीला धरून नाही, म्हणून मार्चपासून दर पंधरा दिवसांनी गुरुवारी ब्रुसाकहून दातांचा फिरता दवाखाना गावात येईल. त्यामुळे प्रवासाचं मुख्य कारण उरत नाही. पेरादू ते ब्रुसाक असा लाइनच्या पूर्ण लांबीचा प्रवास करणारी व्यक्ती एक, कारण करमणूक. सबब गाडी बंद.

एमारने विचारलं, "दवाखाना फुकट आहे का?"

"फुकट आहे."

"मग अगदीच वाईट नाही," एमार म्हणाला.

शेवटच्या गाडीला अख्खा गाव लोटला. फुलं आणली, बँड आणला, पाववाली रडली, मेयरने भाषण ठोकलं. सोलांजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी होती तेव्हा ही माणसं कुठे होती? मोटारीत. कोणाशी न बोलता ती घरी आली आणि दारात, अंगातला कोटही न काढता, रडली.

रात्री रेमोंदला फोन केला.

"आता कशी येणार गं तू?" रेमोंदने विचारलं.

"नाही येणार."

"बरं झालं. सुटले एकदाची."

त्यानंतर बराच वेळ दोघींपैकी एकीनेही फोन ठेवला नाही.

मेयर म्हणाला, मी सोडतो तुम्हाला मोटारीने. सोलांजने नको म्हटलं. पहिल्या वेळी तो हौसेने नेईल, दुसऱ्या वेळी घड्याळ बघेल, तिसऱ्या वेळी गावभर सांगेल. गाडीचे कधी कोणाला आभार मानावे लागले नव्हते. गुरुवार यायचे, अकरा पाच व्हायचे, आणि ती नुसत्या रुळांकडे बघत भाजी चिरायची.

मार्चात पांढरी मोठी व्हॅन फाटकाजवळच येऊन उभी राहिली. आता लाजेकाजेस्तव सगळ्यांना रांग लावणं भाग होतं. एमारच्या दोन दाढा खरोखरच किडलेल्या निघाल्या, आणि त्या दिवशीचं कण्हणं मात्र अस्सल होतं. पाच वाजता रांग संपली. दंतवैद्य हात धूत होता, तेवढ्यात सोलांज गुरुवारचा कोट घालून, भली मोठी पिशवी घेऊन पायरी चढली आणि खुर्चीत बसली.

"काय दुखतंय, मादाम?"

तिने दोन्ही कवळ्या काढून त्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या. "काही नाही. ब्रुसाकलाच परत चाललात ना?"

"हो, पण यातून उतारू न्यायची परवानगी नाही आम्हाला."

"तुमच्या नावावर या गावाने तीनशे एकोणनव्वद फेऱ्या मारल्यात, डॉक्टर. माझी एक चालवून घ्या."

दंतवैद्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ट्रेकडे, आणि टॉवेल खुंटीला लावला. "आणि परत कशा येणार?"

"तुम्ही पुन्हा याल तेव्हा."

"म्हणजे पंधरा दिवसांनी."

"ठाऊक आहे," सोलांज म्हणाली. तिने कवळ्या परत बसवल्या. दुपारी तिने फोनवर हाच आकडा रेमोंदला सांगितला होता. रेमोंद म्हणाली होती, "पंधरा दिवस? बरं. सूप जास्त टाकते."

व्हॅन निघाली. पहिल्याच वळणाला पिशवीत काहीतरी ठणकन वाजलं. सोलांजने पिशवी मांडीवर घेतली, आतून घासूनपुसून लखलखीत केलेलं तांब्याचं पातेलं बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

"एवढं मोठं पातेलं कशाला?" दंतवैद्याने विचारलं.

"बहिणीचं आहे," सोलांज म्हणाली.